७६ आसनांची रेघ

एम्ब्राएर कंपनीचं ई-१७५ हे विमान ८८ प्रवासी नेऊ शकतं. अमेरिकेत मात्र ते ७६ आसनांवर थांबतं. ही मर्यादा सुरक्षेच्या नियमांनी घातलेली नाही आणि इंजिनाच्या ताकदीचाही तिच्याशी संबंध नाही. डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तीन बड्या कंपन्यांनी आपापल्या वैमानिकांशी केलेल्या करारांत ती लिहिलेली आहे. त्या कलमाला तिथे ‘स्कोप’ म्हणतात. त्याचा आशय असा: कंपनीच्या नावानं आणि रंगात उडणारं मोठं विमान कंपनीच्या स्वतःच्या यादीतला वैमानिकच उडवेल, लहान विमान बाहेरच्या कंपनीला द्यायला हरकत नाही. आसनं ७६ पर्यंत, उड्डाणाचं कमाल वजन ८६ हजार पौंडांपर्यंत. या रेघेच्या वर मेनलाइन, खाली रीजनल. वर आणि खाली काम तेच असतं. प्रवासी, हवामान, धावपट्टी आणि परवान्याचे नियमही तेच. तरी कित्येक वर्षं खालच्या सहवैमानिकाचा पगार वरच्याच्या पासंगालाही पुरत नव्हता.

रेघेच्या दोन्ही बाजूंना अनेक ठिकाणी एकच संघटना उभी आहे, हे या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड वास्तव. ती म्हणजे एअर लाइन पायलट्स असोसिएशन, अर्थात अल्पा.

अल्पाची स्थापना १९३१ मध्ये शिकागोत झाली. डेव्हिड बेन्के हा वैमानिक तिचा संस्थापक. त्या काळी वादळात विमान न्यायला नकार देणाऱ्याची नोकरी जाई आणि होकार देणाऱ्याचा जीव. वेळापत्रक पाळू, पण सुरक्षितता सांभाळून, हे संघटनेचं ब्रीद या अनुभवातून आलं. बेन्केच्या खटपटीला १९३६ मध्ये मोठं यश मिळालं. रेल्वे कामगारांसाठी १९२६ मध्ये झालेला कायदा विमान कंपन्यांनाही लागू झाला. या कायद्यानुसार एका कंपनीतल्या एका प्रकारच्या सर्व कामगारांसाठी एकच संघटना बोलते. पुढच्या भांडणांचं बीज याच तरतुदीत होतं. बोलण्याचा हक्क एकटीला मिळाला, की सर्वांसाठी बोलण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते.

ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत मांडली गेली ती एका कृष्णवर्णीय रेल्वे कामगारामुळे. अलाबामातल्या बी. डब्ल्यू. स्टील या फायरमनला त्याच्याच वतीनं बोलणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेनं करार करून चांगल्या कामावरून हटवलं होतं. तिचं सदस्यत्वही त्याला नाकारलेलं होतं. १९४४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की कायद्यानं एकाधिकार मिळालेल्या संघटनेनं सर्वांचं प्रतिनिधित्व प्रामाणिकपणे आणि वैरभाव न ठेवता केलं पाहिजे. जवळपास साठ वर्षांनी छोट्या जेट विमानांच्या वैमानिकांनी आपल्या संघटनेला न्यायालयात खेचलं, तेव्हा याच तत्त्वाचा आधार घेतला.

वैमानिकाच्या आयुष्यात सेवाज्येष्ठतेच्या आकड्याचं वजन किती असतं, हे समजल्याशिवाय या भांडणातली आग कळणार नाही. शेतकऱ्याला सातबाऱ्यावरचं नाव, तसा वैमानिकाला हा क्रमांक. कोणत्या शहरातून उडायचं, कोणतं विमान मिळणार, कॅप्टन कधी होणार, दिवाळी-नाताळची सुट्टी कोणाला, मंदीत घरी कोण बसणार, सारं त्यावर ठरतं. आणि हा क्रमांक कंपनीबाहेर नेता येत नाही. वीस वर्षं कॅप्टन राहिलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, की यादीच्या तळाशी सहवैमानिक म्हणून पुन्हा सुरुवात करतो. म्हणून दोन कंपन्यांच्या याद्या एकत्र करणं म्हणजे हजारो माणसांच्या पुढच्या तीस वर्षांची फेरवाटणी.

१९७८ मध्ये अमेरिकेनं विमान वाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण उठवलं आणि बड्या कंपन्यांनी आडगावच्या मार्गांसाठी छोट्या कंपन्यांशी करार केले. तेव्हा तिथे पंख्याची विमानं उडत. मेनलाइनच्या वैमानिकांना त्यांत रस नव्हता आणि संघटनेनंही त्याकडे फारसं गांभीर्यानं पाहिलं नाही. कॅनडेअरचं ५० आसनी जेट आल्यावर चित्र पालटलं. अमेरिकेत ते १९९३ मध्ये पहिल्यांदा सिनसिनाटीच्या कॉमएअरनं वापरलं. हे जेट शेकडो मैलांचे मार्ग सहज कापत होतं. ज्या मार्गांवर काल मेनलाइनचं विमान जायचं, तिथे स्वस्त पगाराचं जेट दिसू लागलं.

डेल्टानं १९९९ मध्ये अटलांटिक साउथईस्ट ही कंपनी घेतली आणि त्याच्या पाठोपाठ कॉमएअरही. तिन्ही कंपन्यांचे वैमानिक अल्पाचेच सदस्य होते. दोन्ही छोट्या कंपन्यांच्या वैमानिकांनी साधा प्रश्न विचारला: आमची मालक डेल्टा, विमानांवर नाव डेल्टाचं, तिकीट डेल्टाचं, मग यादी वेगळी का? संघटनेच्या विलीनीकरणाच्या धोरणानुसार याद्या एकत्र कराव्यात, अशी त्यांची मागणी होती. अल्पाच्या राष्ट्रीय नेतृत्वानं ती नाकारली. कारभार वेगळे आहेत, म्हणून हे खरं विलीनीकरण नाही, अशी भूमिका घेतली गेली.

माझ्या मते अल्पाच्या इतिहासातली ही सर्वांत महागडी चूक होती. डेल्टाच्या वैमानिकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. एकत्रित यादीत मागून आलेला कोणी आपल्या पुढे बसेल, ही धास्ती कोणत्याही नोकरदाराला समजेल. पण याद्या वेगळ्या ठेवल्यानं स्वस्त कॉकपिट नाहीसं झालं नाही. ते फक्त दुसऱ्या दारानं आत आलं.

२६ मार्च २००१ रोजी कॉमएअरचे सुमारे १,३५० वैमानिक संपावर गेले. नव्या सहवैमानिकाचा पगार वर्षाला जेमतेम १६ हजार डॉलरच्या आसपास होता. उड्डाणाचं शिक्षण घेताना झालेलं कर्ज त्याच्या कित्येक पट असे. कंपनी पूर्ण ठप्प झाली. ८९ दिवसांनी करार झाला आणि पगार वाढले. याच अल्पानं संपकऱ्यांना भत्ता दिला आणि त्यांची पाठराखण केली, हेही नोंदवायला हवं. मात्र त्याच उन्हाळ्यात डेल्टाच्या मेनलाइन वैमानिकांचा नवा करार झाला. त्यातल्या स्कोप कलमानं छोट्या कंपन्यांना ७० आसनी जेट किती देता येतील, यावर बंधन घातलं. म्हणजे कॉमएअरचा वैमानिक कोणतं विमान उडवू शकेल, हे डेल्टाच्या वैमानिकांची परिषद आणि डेल्टाचं व्यवस्थापन मिळून ठरवत होते. कॉमएअरचा माणूस त्या टेबलावर नव्हता, आणि दोन्हीकडची वर्गणी मात्र अल्पाच्याच तिजोरीत जात होती.

या वादातून ‘रीजनल जेट डिफेन्स कोअलिशन’ उभी राहिली आणि २००१ मध्ये अल्पाविरुद्ध न्यू यॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला. एकाच संघटनेनं एका गटाच्या फायद्यासाठी दुसऱ्या गटाच्या बढतीवर मर्यादा घालणारा करार करावा का, हा त्याचा गाभा. काही मुद्दे न्यायालयानं फेटाळले, पण स्कोपविषयीचा मुद्दा २००३ मध्ये टिकला. पुढे प्रकरण तडजोडीनं मिटलं. त्यामुळे हा प्रश्न कायद्यानं निर्णायकपणे सुटलाच नाही.

याद्या एकत्र करण्याचा प्रयोग झाला असता तर काय घडलं असतं? त्याचं अर्धं उत्तर कॅनडात मिळतं, आणि ते कडू आहे. एअर कॅनडा आणि तिच्याशी जोडलेल्या छोट्या कंपन्यांचे वैमानिक एकाच कॅनडियन संघटनेत होते. १९९५ मध्ये लवाद मिशेल पिशे यांनी सर्वांची एक यादी करण्याचा निवाडा दिला. एअर कॅनडाच्या वैमानिकांनी तो मानला नाही. ते संघटनेतूनच बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली. निवाडा कागदावर राहिला. उरलेली कॅनडियन संघटना १९९७ मध्ये अल्पात विलीन झाली, आणि एअर कॅनडाचे वैमानिक २०२३ मध्ये, तब्बल २८ वर्षांनी, त्याच अल्पात सामील झाले. मधल्या काळात किती माणसं कॅप्टनच्या खुर्चीत न बसताच निवृत्त झाली असतील! अल्पाच्या नेत्यांपुढे २००० साली हे ताजं उदाहरण होतं. डेल्टाचे हजारो वैमानिक अशीच फारकत घेतील, ही धास्ती त्यांच्या नकारामागे असणार, असं मला वाटतं. समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत दुर्बळ गटानं मोजली.

अमेरिकन एअरलाइन्सची गोष्ट थोडी निराळी. तिथले मेनलाइन वैमानिक १९६३ मध्येच अल्पा सोडून आपली संघटना काढून बसले होते. अमेरिकन ईगल या तिच्या छोट्या कंपनीचे वैमानिक मात्र अल्पात. नवी छोटी जेट कोणी उडवायची, या प्रश्नावर फेब्रुवारी १९९७ मध्ये मेनलाइनचा संप सुरू झाला आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांतच तो थांबवला. तोडगा असा निघाला, की जेट ईगल उडवेल, ईगलच्या कॅप्टनांना पुढे अमेरिकनमध्ये जाण्याचा मार्ग मिळेल, आणि मंदी आली तर अमेरिकनचे वैमानिक खाली ईगलमध्ये येतील. ११ सप्टेंबर २००१ नंतर मंदी आली. वरचे खाली आले, थेट जेटच्या कॅप्टनच्या जागेवर, आणि ज्यांच्या जागा गेल्या ते वर जाऊ शकले नाहीत. त्यावर पुढे अनेक वर्षं लवादांपुढे भांडणं चालली.

भारतातही याद्यांचं हे दुखणं मुंबईनं जवळून पाहिलं आहे. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोन राहिल्या. लांब पल्ल्याच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि देशांतर्गत वैमानिकांची आयसीपीए. २०११ मध्ये समान वेतनासाठी आयसीपीएनं दहा दिवसांचा संप केला. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण दुसऱ्या गटाला मिळणार म्हणून गिल्डचा संप ५८ दिवस चालला. तिथे रीजनल-मेनलाइन अशी रेघ नव्हती, तरी भीती हीच होती.

स्वस्त कॉकपिटची किंमत फक्त वैमानिकांनी मोजली नाही. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं विमान वस्तीवर कोसळलं. ५० माणसं गेली. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टल या बड्या कंपनीचं होतं. मुख्य कारण कॅप्टननं स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याच्या, इशाऱ्यावर उलटी कृती केली, हे होतं. पण चौकशीत बाहेर आलेल्या गोष्टींनी देश हादरला. सहवैमानिक तरुणी आईवडिलांच्या घरी सिॲटलजवळ राहत होती आणि ड्यूटीसाठी रात्रभर मालवाहू विमानांतून देश ओलांडून नेवार्कला पोचली होती. कॅप्टन विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत झोपला होता. मृतांच्या कुटुंबीयांच्या चिवट पाठपुराव्यामुळे २०१० चा कायदा आला. सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला, विश्रांतीचे नियम बदलले, आणि विमान प्रत्यक्षात कोण चालवतं हे तिकीट विकताना सांगणं बंधनकारक ठरलं.

याच काळात मेनलाइनच्या वैमानिकांचीही दैना झाली, हे विसरून चालणार नाही. २००४ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी ३२.५ टक्के पगारकपात सोसली. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्यांचं निवृत्तिवेतनही बुडालं. रेघ राखायची त्यांची हट्टी धडपड या जखमेतून आली आहे. दुसरीकडे कॉमएअर सप्टेंबर २०१२ मध्ये कायमची बंद झाली. बड्या कंपन्या एका छोट्या कंपनीचं काम काढून दुसऱ्या, अधिक स्वस्त कंपनीला देत राहिल्या. वेगवेगळ्या याद्यांत विभागलेल्या वैमानिकांना हे रोखता आलं नाही.

रेघेनं यंत्रांचंही भविष्य ठरवलं. एम्ब्राएरचं अधिक इंधन वाचवणारं ई-१७५-ई२ २०१९ मध्ये उडालं, पण नव्या इंजिनांमुळे त्याचं वजन करारातल्या मर्यादेपलीकडे गेलं. अमेरिकेची बाजारपेठ बंद राहिली आणि विमान रखडलं. मित्सुबिशीच्या स्पेसजेटलाही हीच अडचण नडली, आणि तो प्रकल्प २०२३ मध्ये गुंडाळला गेला. त्याआधी २०१९ मध्येच युनायटेडसाठी ७० आसनांच्या विमानातून खुर्च्या काढून ते ५० आसनी करण्यात आलं, कारण करारात ५० आसनी विमानांना जागा होती.

२०२२ मध्ये वैमानिकांचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकनच्या मालकीच्या तीन रीजनल कंपन्यांनी सहवैमानिकाचा सुरुवातीचा दर ताशी ९० डॉलर केला. २००१ च्या संपात अशक्य वाटलेली रक्कम बाजारानं काही आठवड्यांत मान्य केली. पण याद्या वेगळ्याच राहिल्या, आणि रेघही.

डेल्टाचा २०२३ चा करार २०२६ च्या अखेरीस दुरुस्तीला खुला होतो. स्कोपवर पुन्हा बोलणी होतील. डेल्टाच्या रंगातली जेट उडवणाऱ्यांत एन्डेव्हर कंपनीचे वैमानिक अल्पाचे आहेत, रिपब्लिकचे टीमस्टर्स या दुसऱ्या संघटनेचे, आणि सर्वांत मोठ्या स्कायवेस्टच्या वैमानिकांची कायद्यानं मान्यता मिळालेली संघटनाच नाही. अल्पाचा तिथला प्रयत्न मतदानात हरला होता. आपल्या सदस्यांवर परिणाम करणारं स्कोप कलम पक्कं होण्याआधी निदान एन्डेव्हरच्या परिषदेला त्याचा मसुदा दाखवून लेखी म्हणणं घेण्याची सक्ती अल्पानं आपल्या घटनेत घालावी. यासाठी न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही, संचालक मंडळाचं मतदान पुरेसं आहे.