मोबाइलवरची रेघ आणि बांधावरची हद्द

रविवारी सकाळी पालघरहून बाइक काढायची, वाघोबा खिंड ओलांडायची आणि मासवणला सूर्या नदीपाशी थांबायचं. पालघर-बोईसरच्या कॉलेजातल्या अनेक ग्रुप्सचा हा ठरलेला प्लॅन. फोटो काढून होतात, वडापाव संपतो, मग कुणीतरी म्हणतं, 'चला, त्या समोरच्या टेकडीवर जाऊ.' पुढे पायवाटेला फाटे फुटतात. ग्रुपमधला टेक्नो मेंबर फोन काढतो, नकाशा उघडतो आणि जाहीर करतो, 'टेन्शन नाही, हे फॉरेस्ट आहे.' दहा पावलांवर कोयता घेतलेले एक काका उभे असतात. 'कुणाकडे आलात, पोरांनो?'

आता चूक कुणाची? फोनची, मित्राची की काकांची? गंमत म्हणजे, तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

जमीन कुणाची हे कळायला पूर्वी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागायच्या. आज सरकारच्या 'महाभूनकाशा'वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर निवडला की त्या तुकड्याची आकृती समोर येते. 'महाभूलेख'वर सातबारा बघता येतो. काही खासगी ॲप तर ही रेघ सॅटेलाइट फोटोवर टाकून त्यात आपला निळा ठिपकाही दाखवतात. सोय भारीच आहे. पण असे नकाशे खिशात घेऊन रानात हिंडण्याची सवय सगळ्यात जास्त कुणाला लागली असेल, तर ती अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना.

शिडी, चौकट आणि एक पिन

तिकडे परवाना काढून शिकार करता येते, पण खासगी जमिनीत शिरायचं नाही. म्हणून २००९ मध्ये मोंटाना राज्यात 'ऑनएक्स' नावाची कंपनी सुरू झाली. तिच्या ॲपवर कुठली जमीन सरकारी, कुठली कुणाच्या मालकीची, हे जागेवर उभं राहून दिसतं. २०२१ मध्ये असाच नकाशा वापरणारे चार शिकारी वायोमिंग राज्यातल्या एल्क माउंटनवर गेले. तिथली जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे, एक घर सरकारी, एक खासगी. एका सरकारी घरातून दुसऱ्यात जायचं तर फक्त कोपऱ्याला कोपरा भिडतो. त्यांनी त्या कोपऱ्यावर शिडी लावली आणि खासगी जमिनीवर पाय न ठेवता पलीकडे उतरले. जमीनमालकाने तरीही कोट्यवधी रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. 'माझ्या जमिनीवरची हवाही माझीच', असा त्याचा मुद्दा! मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

पण यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्यांच्यापैकी एकाच्या ॲपमध्ये खासगी जमिनीच्या आत एक पिन टाकलेली सापडली आणि तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आली. म्हणजे नकाशा तुम्हाला रस्ता दाखवतो, तसा तुमचा मागही ठेवतो.

आपल्याकडे प्रश्नच वेगळा

भारतात मात्र जमीन कुणाची, हा शिकारीचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुक्कर असो वा ससा, प्राणी जमीनमालकाचा होत नाही. स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या शेतातही त्याची शिकार हा गुन्हाच. 'शिकार' या शब्दात फक्त गोळी घालणं येत नाही. फासा लावणं, मारण्याच्या इराद्याने हाकून काढणं, तसा नुसता प्रयत्न करणं, हेही येतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणी विशेष संरक्षित असेल तर त्याहून जास्त. पिकांची नासाडी होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करायचा, निर्णय त्यांचा.

हे पुस्तकी वाटत असेल तर मासवणच्याच रस्त्याने पुढे मनोरकडे चला. २०२५ च्या जानेवारीअखेर तिथल्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. झाडीत हालचाल झाली, डुक्कर समजून गोळी सुटली आणि ती आपल्याच सोबत्याला लागली. तो जिवानिशी गेला. घाबरलेल्या साथीदारांनी मृतदेह लपवला. प्रकरण पोलिसांपर्यंत पोचायला काही दिवस गेले. तो गट नंबर कुणाचा होता, याने काय फरक पडला असता? झुडपामागे कोण आहे, हे कुठलाच नकाशा दाखवत नाही.

निळा ठिपका किती खरा?

आता आपल्यासारख्या नुसत्या भटक्यांचं काय? मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत चुकतं. दाट झाडीत, खिंडीत त्याहून जास्त. आणि आपल्याकडच्या शेताचा बांध असतो हातभर रुंद! त्यात गटाचे नकाशे मुळात कागदावरचे, नंतर कॉम्प्युटरवर चढवलेले. म्हणून बांधाचं भांडण झालं की कुणी स्क्रीनशॉट काढत नाही, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करतात आणि मोजणीनंतर मिळणारी 'क प्रत' जपून ठेवतात.

आणखी एक गुंता आहे. नकाशावर हिरवा दिसणारा पट्टा वनखात्याचा असला तरी तिथे कुणाची तरी नाचणी किंवा भात उभं असू शकतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांना जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. पालघर जिल्ह्यातल्या वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांसाठी हा पोटाचा प्रश्न आहे. दाव्याच्या जमिनीची मोजणीही जीपीएसने होते, आणि तिथे रेघ पाच-दहा मीटर सरकली तर आख्खं खाचर बाहेर राहू शकतं. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केलं, सॅटेलाइट चित्र पुराव्याला जोड म्हणून चालेल, बाकीच्या पुराव्यांची जागा ते घेणार नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणंही पुरावा धरलं जातं. याच कायद्याने जंगलातले बरेच पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क मात्र स्पष्टपणे वगळला.

तर त्या काकांना आपण 'हे फॉरेस्ट आहे' म्हणून फोन दाखवला, तेव्हा कदाचित त्यांच्या बापजाद्यांनी कसलेल्या तुकड्यावर उभं राहून दाखवला. नकाशा 'जमीन कुणाची' एवढंच सांगतो, तेही अंदाजाने. 'इथून गेलं तर चालेल का?' याचं उत्तर त्यात नसतं.

त्यामुळे पुढच्या रविवारी नकाशा बघा, जरूर बघा. रस्ता चुकणार नाही. राखीव वन असेल तर आत जायच्या आधी वनखात्याच्या माणसाला विचारा. कुठे तारेचा फासा दिसला तर हात लावू नका, वनखात्याला १९२६ वर फोन करा. आणि बांधावर कुणी दिसलं तर फोन खिशात टाका, 'काका, इकडून गेलो तर चालेल ना?' एवढं विचारा. बहुतेक वेळा ते नुसतं 'जा' म्हणणार नाहीत. 'तिकडनं नका जाऊ, भात लावलंय, या बाजूने जा,' असं सांगतील. ही वाट कुठल्याच ॲपवर नसते.