नेट गेलंय की वाय-फाय?

ऑनलाइन मुलाखत ऐन रंगात आलेली आणि स्क्रीनवर फिरतंय ते गोल चक्र! राउटर दहा वेळा बंद-चालू केला, प्लॅन वाढवला, तरी ढिम्म फरक नाही? मग पुन्हा खिशात हात घालण्याआधी हे वाचा.

'तुमचा आवाज तुटतोय. हॅलो? ऐकू येतंय का?'

हे वाक्य तुम्ही ऑनलाइन लेक्चरला शंभर वेळा ऐकलं असेल. तेव्हा हसूही आलं असेल. पण तेच वाक्य नोकरीच्या मुलाखतीत ऐकू आलं तर? माझ्या रूममेटने ऐकलंय. कर्वेनगरमधला आमचा टू बीएचके, आम्ही चौघी, आणि तिची दुसऱ्या फेरीची मुलाखत. समोरची टीम परदेशातली, म्हणून वेळ रात्री साडेआठची. आम्ही तिघी किचनमध्ये श्वास रोखून. पहिली दहा मिनिटं मस्त गेली. मग प्रोजेक्टबद्दल विचारलं, ती बोलायला लागली आणि समोरचे चेहरे गोठले. तीनदा कॉल तुटला, तीनदा जोडला. चौथ्यांदा जोडला तेव्हा समोर कुणीच नव्हतं.

तिने रात्रीच मेल करून सगळं कळवलं. दोन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, 'फेरी संपली आहे.' बास. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही, आवाज जात नव्हता म्हणून संधी गेली.

मग आम्ही काय केलं? जे तुम्ही कराल तेच. आधी भांडलो. 'तू सिरीज बघत होतीस', 'मी नाही, तू डाउनलोड लावलं होतंस' वगैरे. मग राउटरवर राग काढला. मग कस्टमर केअरला फोन करून प्लॅन ४० एमबीपीएसवरून १०० वर नेला, जास्तीचे पैसे चौघींत वाटून घेतले. आता कसं सुसाट, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला परत तेच चक्र. डोक्याला शॉट!

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की नेमकं काय बिघडलंय हे कुणी शोधलंच नव्हतं.

टाकी की पाइप?

आपण 'नेट गेलं' असं एकाच वाक्यात म्हणतो. पण तुमच्या लॅपटॉपपर्यंत येणाऱ्या नेटच्या वाटेचे दोन वेगळे तुकडे आहेत. कंपनीपासून तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत येते ती लाइन. आणि त्या डब्यापासून तुमच्या लॅपटॉपपर्यंत हवेतून येतं ते वाय-फाय.

सोसायटीच्या पाण्याचं घ्या. महापालिकेचं पाणी टाकीत येतं, टाकीतून नळाला. नळ कोरडा पडला तर दोन शक्यता. टाकीतच पाणी नाही, किंवा टाकी भरलेली आहे आणि मधला पाइप तुंबलाय. पाइप तुंबलेला असताना पालिकेकडून मोठं कनेक्शन घेऊन उपयोग काय? आम्ही प्लॅन वाढवला म्हणजे नेमकं हेच केलं होतं.

बरं, व्हिडीओ कॉलला १०० एमबीपीएस लागतही नाहीत. एका कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळायला हवेत. सिनेमा बघताना प्लेअर पुढचा भाग आधीच भरून ठेवतो, त्यामुळे मधे दोन सेकंद नेट अडकलं तरी कळत नाही. कॉलमध्ये पुढचं वाक्य आधी कसं भरून ठेवणार? म्हणून 'माझं यूट्यूब तर चालतंय' हा पुरावा मुलाखतीच्या कामाचा नाही.

तीन टेस्ट, पंधरा मिनिटं

पहिली टेस्ट डोळ्यांची. नेट गेलं की रिस्टार्टचं बटण दाबण्याआधी डब्यावरचे दिवे बघा. फायबरचं कनेक्शन असेल तर 'एलओएस' नावाचा एक दिवा असतो. तो लाल पेटला किंवा लुकलुकायला लागला, की बाहेरून प्रकाशाचा सिग्नलच येत नाहीये असं समजा. मग शंभरदा रिस्टार्ट करून काही होणार नाही. बाहेर रस्ता खोदताना फायबर तुटलेली असू शकते किंवा घरातच ती बारीक वायर कपाटामागे दुमडलेली असू शकते. फायबर आत काचेची असते, जोरात वाकवली की प्रकाश वाटेतच गळतो. दुमड दिसली तर हलक्या हाताने सैल करा. पिन काढून टोकात डोकावून बघण्याचा शहाणपणा मात्र नको. दिवा लालच राहिला तर थेट कंपनीला फोन.

दुसरी टेस्ट वायरची. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा आणि वाय-फाय बंद करा. केबलवरही नेट अडकतंय? मग बिघाड लाइनमध्ये किंवा राउटरमध्ये. केबलवर सुरळीत आणि वाय-फायवर रडारड? मग घोळ घरातल्या हवेत. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा ॲडॉप्टर मिळतो. तोही नसेल तर राउटरच्या अगदी शेजारी बसून बघा. उत्तर तितकं पक्कं नाही मिळणार, पण अंदाज येईल.

तिसरी टेस्ट माझी सगळ्यात आवडती. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत 'पिंग', मग स्पेस, मग राउटरचा पत्ता, मग पुन्हा स्पेस देऊन डॅश आणि टी, हे सगळं इंग्रजीत टाइप करा. हा पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसऱ्या खिडकीत तसंच, फक्त पत्ता गूगलच्या सर्व्हरचा, म्हणजे ८.८.८.८. आता तुमचा लॅपटॉप दोघांना सतत हाका मारत राहील आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहीत जाईल. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी.

आता फक्त बघत राहायचं. राउटर दोन-पाच मिलिसेकंदांत ओ देतोय आणि बाहेरचा गप्प, तर दोष बाहेरच्या वाटेत. राउटरच्याच उत्तरांना दोन-तीनशे मिलिसेकंद लागतायत किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतंय, तर कंपनीला शिव्या घालू नका. तुमचा आवाज घराबाहेर पडायच्या आधीच अडकतोय.

आमच्याकडे? केबलवर सगळं लोण्यासारखं. वाय-फायवर राउटरच्याच हाका हुकत होत्या. टाकी भरलेली होती, पाइप तुंबला होता.

वेळ लिहून ठेवा

आता पुढचा प्रश्न, कधी तुंबतो? इथे एक किस्सा सांगते. वेल्समध्ये अबरहोसान नावाचं एक छोटं गाव आहे. तिथलं ब्रॉडबँड तब्बल दीड वर्ष रोज सकाळी सातला कोलमडायचं. इंजिनीअर येऊन गेले, केबल बदलून झाल्या, फरक शून्य. शेवटी पथक यंत्र घेऊन सकाळी सहाला गावात फिरलं. बरोबर सातला विद्युत लहरींचा मोठा गोंगाट पकडला गेला आणि त्याचा माग एका घरातल्या जुन्या टीव्हीपर्यंत पोहोचला. त्या घरी रोज सातला टीव्ही लागायचा. टीव्ही बंद झाला आणि गावाचं नेट सुधारलं. २०२० मध्ये ही बातमी जगभर गाजली. तिथली लाइन तांब्याच्या तारेची होती, आपलं दुखणं हवेतलं आहे, पण धडा तोच. केबल बदलून जे सापडलं नाही, ते वेळेने सापडवलं.

आम्ही फ्रिजवर कागद चिकटवला. नेट अडकलं की वेळ, खोली आणि कुणाचं डिव्हाइस, एवढंच लिहायचं. पाच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. दुपारी कुणाची तक्रार नाही. रात्री आठ ते अकरा सगळ्यांची थोडीथोडी. आणि मुलाखत बुडालेल्या रूममेटची सगळ्यात जास्त, तिच्या खोलीत आणि तिच्याच लॅपटॉपवर.

तीन दोषी, एक लॅपटॉप

पहिला दोषी शेजार. म्हणजे शेजाऱ्यांचे राउटर. वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातं, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतं. पण त्यात एकमेकांना धक्का न लावणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. वाय-फाय ॲनालायझरचं एक फुकट ॲप फोनवर टाकून पाहिलं तर आमच्या हॉलमध्ये वीसहून जास्त नेटवर्क दिसली. संध्याकाळी सगळी बिल्डिंग घरी आली, की तीन रस्त्यांवर वीस घरांची वाहतूक. कर्वे रोडची आठवण यावी! त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात लुडबुडतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये रस्ते जास्त आणि वेगही जास्त, पण ते दोन भिंतींतच दमतं.

दुसरा दोषी राउटरची जागा. आमचा राउटर होता शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, स्टीलच्या डब्यांच्या शेजारी. 'दिसायला बरं नाही' म्हणून. तिथून तिच्या खोलीपर्यंत वाटेत एक आरसीसी भिंत आणि एक लोखंडी कपाट. धातूपुढे वाय-फायचं काही चालत नाही.

तिसरा दोषी तिचा लॅपटॉप. भावाकडून आलेला, जुना. आमच्या फोनवर ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसायचं, तिच्या यादीत ते कधीच आलं नव्हतं. त्याला ती पट्टी पकडताच येत नाही. म्हणजे आम्ही तिघी नकळत मोकळ्या रस्त्यावर आणि ती एकटी गर्दीत. आणि आम्ही म्हणत होतो, 'आमचं तर चालतंय, तुझंच काहीतरी आहे!' हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं.

एका वेळी एकच बदल

दुरुस्ती करताना सगळं एकदम बदलू नका. नाहीतर कशाने बरं झालं तेच कळत नाही. आम्ही रोज एकच गोष्ट बदलली.

पहिल्या दिवशी राउटर शोकेसमधून काढून पॅसेजमधल्या उंच फळीवर ठेवला. फायबर तेवढी सैल होती म्हणून जमलं. तुमची पुरत नसेल तर ओढाताण न करता नेटवाल्या दादांना बोलवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली आणि आमचे फोन, लॅपटॉप ५ वर नेले. तिसऱ्या दिवशी २.४ चा चॅनल 'ऑटो'वरून काढून सगळ्यात कमी गर्दीच्या चॅनलवर कायम केला. चौथ्या दिवशी तिच्या लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी वाय-फाय बंद करण्याची दिलेली परवानगी काढून घेतली.

आणखी एक गोष्ट सापडली. आमच्यातल्या एकीचे फोटो रोज रात्री आपोआप क्लाउडवर चढत होते. अपलोड तुंबलं की तुमचा चेहरा आणि आवाज बाहेर जायला जागा उरत नाही. आता ते बॅकअप पहाटे होतात.

आणि प्लॅन? पुढच्याच महिन्यात परत ४० वर आणला.

तुमच्या टेस्टमध्ये दोष बाहेरचा निघाला, तर हाच वेळांचा कागद तुमचं हत्यार. 'नेट स्लो आहे' या तक्रारीवर 'रिस्टार्ट करा' हेच उत्तर मिळतं. 'पाच दिवस, केबलवर, या या वेळांना बंद' असं सांगितलं की बोलणं पुढे सरकतं. तक्रारीचा डॉकेट नंबर नक्की घ्या. २०१२च्या दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण नियमांनुसार तो मिळायला हवा. दाद मिळाली नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे जाता येतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी

• ज्या वेळी मुलाखत आहे, त्याच वेळी मैत्रिणीसोबत अर्धा तास व्हिडीओ कॉल करून बघा. दुपारची ट्रायल रात्रीच्या मुलाखतीला चालत नाही.

• शक्य असेल तर लॅन केबल लावा. नसेल तर राउटरच्याच खोलीत बसा.

• फोन चार्ज, डेटा शिल्लक आणि हॉटस्पॉट लॅपटॉपला एकदा जोडून ठेवलेला.

• वीज जाण्याची भीती असेल तर राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो. घेताना व्होल्ट आणि अँपिअर ॲडॉप्टरवरच्या आकड्यांशी जुळवा.

• मुलाखत घेणाऱ्यांचा फोन नंबर आधीच मागून ठेवा. कॉल तुटला तर मेल नाही, लगेच फोन.

मागच्या आठवड्यात तिची आणखी एक मुलाखत झाली. वेळ पुन्हा रात्रीचीच. तिच्या लॅपटॉपचं वय काही आम्ही कमी करू शकत नव्हतो, म्हणून पंधरा मीटरची लॅन केबल आणली. चौघींच्या मिसळीइतके पैसे लागले. केबल पॅसेजमधून हॉल ओलांडून तिच्या खोलीत नेली. तेवढ्यात भाड्यासाठी घरमालक काकू आल्या. 'काय गं, ही दोरी कसली?' 'काकू, नेट वाळत घातलंय.' त्या हसल्या आणि दोरी ओलांडून, आवाज न करता सोफ्यावर बसून राहिल्या.

पाऊण तास मुलाखत चालली. निकाल अजून यायचाय. पण ती बाहेर आली तेव्हा आम्ही एकच विचारलं, 'कॉल तुटला?'

'नाही. एक प्रश्न चुकला. पण तो मीच चुकवला.'