शेळीच्या डोक्यातली जाळी आणि डॉल्फिनचा पर

मे महिन्यात पांढरकवड्याकडे ऊन तापलं की कडुनिंबाखालची शेळी नाकपुड्या फुलवून भराभर श्वास घेते. नाकाच्या ओल्या अस्तरावरून वारा फिरला की तिथलं रक्त गार होतं आणि शिरांतून मेंदूच्या बुडाशी येतं. तिथे मेंदूकडे निघालेली धमनी बारीक फाट्यांची जाळी होऊन त्याच गार रक्तात बुडालेली असते. उष्णता तिथेच उतरते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या डॉल्फिनच्या परांत हीच युक्ती आहे: मधे धमनी, भोवती शिरांचं कडं. कोणी म्हणेल, डॉल्फिन ऊब राखतो, शेळी घालवते, मग सारखं काय? रचना सारखी, गार बाजू कुठली, यावर काम ठरतं. शिवाय डॉल्फिनही ती थंडाव्यासाठी वापरतो. त्याची वृषणं पोटात, तापलेल्या स्नायूंच्या मधोमध असतात. पाठीच्या आणि शेपटीच्या परातलं गार रक्त तिथे येतं म्हणून ती निभावतात.

ही जाळी मेंदू वाचवायला आहे, असं बरीच वर्षं मानलं गेलं. मला ते अपुरं वाटतं. घोड्याला अशी जाळीच नाही, तरी तो उन्हात धावतोच. शरीराचा तापमापक मेंदूत असतो. तोच गार ठेवला की धापणं-घामणं कमी होतं आणि पाणी वाचतं. टिपेश्वरच्या नीलगाईला उन्हाळ्यात हीच बचत जास्त मोलाची.