डिझेलची मोठी गाडी घ्यायची? आधी आपला रस्ता मोजा

शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. धुळे-सोलापूर हा 52 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो आणि त्यावरून दिवसभर स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर धावत असतात. उसाचं बिल जमा झालं, मोसंबीची पट्टी बरी आली, की अशी एखादी गाडी आपल्याही दारात असावी असं वाटणं साहजिक आहे. त्यासोबत एक धास्तीही असते. नव्या डिझेल गाड्या फार कुरकुर करतात, मधेच दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि खर्च ऐकून माणूस खाली बसतो, असं जो तो सांगतो. मग विचारलं जातं, दगा न देणारी गाडी कोणती? माझ्या मते या प्रश्नाचं अर्धं उत्तर गाडीत आहे आणि उरलेलं अर्धं घेणाऱ्याच्या रोजच्या रस्त्यात. शोरूममध्ये त्या रस्त्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं.

डिझेल इंजिन बदललं ते 1 एप्रिल 2020 पासून. त्या दिवशी देशभर बीएस-6 नियम लागू झाले. डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली आणि नायट्रोजन ऑक्साइडची 250 वरून 80 वर. एवढी मोठी घट नुसतं इंजिन सुधारून होत नाही. म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसला, त्याला मिस्त्री लोक डीपीएफ म्हणतात. पुष्कळ गाड्यांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही आली. ही यंत्रणा लहान गाडीत बसवणं परवडेना, तेव्हा मारुतीने त्याच वर्षी डिझेल गाड्याच बंद केल्या. डिझेल उरलं ते मुख्यतः मोठ्या गाड्यांत.

या फिल्टरचा स्वभाव समजून घेतला की निम्म्या तक्रारी उलगडतात. जाळीत साचलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी साधारण 600 अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती आणायला इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, आणि हे काम पुरं व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, चांगल्या वेगात चालावी लागते. आता एखाद्याचं रोजचं जाणं-येणं डोळ्यांसमोर आणा. घरून शेत, शेतातून फाटा, फाट्यावरून परत घर. दर वेळी तीन-चार किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, काजळी जाळण्याचं काम अर्ध्यावर सुटतं आणि जाळी हळूहळू तुंबते. काही इंजिनांत न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. त्याचा त्रास टर्बोला आणि बेअरिंगला होतो. तीच गाडी आठवड्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगरला किंवा बीडला जाऊन येत असेल, तर फिल्टर वाटेतच साफ होतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

यावर हमखास येणारा मुद्दा असा की जुनी स्कॉर्पिओ खड्ड्याखुड्ड्यांतून, शेताच्या वाटेने वर्षानुवर्षं चालली, तिला कधी असलं काही झालं नाही. खरं आहे. 2002 साली आलेल्या त्या गाडीला हा फिल्टरच नव्हता, म्हणून तिच्या अनुभवावरून आजच्या गाडीचा अंदाज बांधता येत नाही. मग फिल्टर काढूनच टाकू, असा सल्ला देणारेही भेटतात. तो ऐकू नये. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेत असा फेरफार करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, आणि वॉरंटीही हातची जाते. शिवाय तो धूर कोणाच्या छातीत जाणार? आपल्याच गावातल्या पोराबाळांच्या.

दुसरा मुद्दा पैशांचा, आणि तो वजनदार आहे. डिझेल 90 आणि पेट्रोल 104 रुपये धरू. मोठी डिझेल गाडी लिटरला 14 किलोमीटर गेली आणि तशीच पेट्रोल गाडी 10, तर किलोमीटरमागे साधारण चार रुपये वाचतात. डिझेल गाडी लाखभर महाग पडली, तर तेवढे पैसे 25,000 किलोमीटरला वसूल होतात. वर्षाला 15,000 किलोमीटर फिरणाऱ्याला ही दोन वर्षांचीही गोष्ट नाही. त्याने खुशाल डिझेल घ्यावी. पाच हजार फिरणाऱ्याला मात्र पाच वर्षं लागतील, आणि तेवढ्या काळात फिल्टर एकदा बदलावा लागला तर सगळी बचत त्यातच जाईल. रोड टॅक्सचाही फरक आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल कारला किमतीनुसार 13 ते 15 टक्के कर आहे, पेट्रोलला 11 ते 13.

राहिला कंपनीच्या नावाचा भाग. नाव महत्त्वाचं आहेच, पण शहागडच्या माणसाने त्याच्याइतकंच वजन सेवाकेंद्राच्या अंतराला द्यावं. या गाड्यांचा बिघाड स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही आणि बीड, जालना, संभाजीनगर यांपैकी कुठेही जायचं तर पन्नास-पाऊणशे किलोमीटर पडतात. 2021 मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, तेव्हा एंडेव्हरसारखी दणकट गाडी बाळगणाऱ्यांनाही सुट्या भागांची काळजी लागली. म्हणून बाजारात नुकत्याच आलेल्या गाडीपेक्षा दोन-तीन वर्षं रस्त्यावर असलेली, आणि आपल्या जिल्ह्यात जिचा मिस्त्री व सामान दोन्ही मिळतं अशी गाडी मी बरी मानतो. पहिल्या वर्षातले दोष कंपन्या पुढे दुरुस्त करत जातात. ते दोष आपल्या पैशाने शोधून देण्याची गरज नाही.

बुकिंगची रक्कम भरण्याआधी महिनाभर सध्याच्या गाडीचं, मग ती मोटारसायकल का असेना, रोजचं रीडिंग वहीत लिहा. किती वेळा सलग वीस मिनिटांहून जास्त प्रवास झाला, तेही लिहा. फिल्टर आणि युरियाची यंत्रणा वॉरंटीत किती वर्षं आहे, हे सेल्समनच्या तोंडी न ऐकता छापील पुस्तिकेत वाचा. वहीत आठवड्याला एकही लांबची फेरी निघाली नाही, तर डिझेल घेऊ नका.