काळा पडदा आणि ड्रायव्हरचे कुलूप
वाघोलीच्या एका घरातील संगणकाची गोष्ट

आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात संगणक आला. नवा नव्हे, जुना. नगर रस्त्यावरील जुन्या मालाच्या दुकानातून साडेचौदा हजारांना घेतला. त्यातले नऊ हजार हिच्या भिशीचे होते. ही घरी शिलाईकाम करते, मी गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम पाहतो. मुलगी बारावीनंतर अ‍ॅनिमेशन शिकते. मोबाईलवर हे शिक्षण होत नाही, म्हणून पोटाला चिमटा घेऊन यंत्र आणले.

आणि एका बुधवारी रात्री त्याचा पडदा काळा पडला. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. सोमवारी मुलीला वर्गात पहिले काम दाखवायचे होते. त्या गुणांवर पुढील सत्राच्या फीची सवलत ठरणार होती. माझा संताप अनावर झाला. "कोणी सांगितले होते तुला त्यात हात घालायला? मामींच्या घरचे यंत्र आहे का ते?" असे मी बोलून गेलो. पोरगी काही बोलली नाही. जेवलीही नाही.

पुढे जे कळले ते अनेक घरांच्या उपयोगी पडेल असे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुने संगणक स्वस्त का झाले?

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी कंपनीने नव्या प्रोसेसरची आणि टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा चिपेची अट घातली आहे. त्यामुळे कार्यालयांतील धडधाकट संगणकही मोडीत निघू लागले. आमचा आय-फाइव्ह संगणक त्यातलाच. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली उत्तम चालते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. आज जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकजात लिनक्स आहे. आपल्या पुण्यात सी-डॅकमध्ये 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने जगात ६३ वा क्रमांक मिळवला. त्यातही एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स यंत्रे बसवलेली आहेत. म्हणजे वाघोलीच्या दोन खोल्यांत जे दुखणे उद्भवले, त्याचे नाते थेट तिथपर्यंत पोचते.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

आमच्या संगणकात एनव्हिडियाचे 'जीटीएक्स १०५० टीआय' हे कार्ड आहे. पडद्यावर चित्र रंगवण्याचे काम ते करते. पण प्रणालीची भाषा वेगळी आणि कार्डाची वेगळी. दोघांमध्ये जो दुभाषी बसतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाषी कच्चा असला की काम अडते.

लिनक्समध्ये एनव्हिडियासाठी दोन दुभाषी आहेत. एक 'नूवो'. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ नवा असा होतो. कंपनीने कार्डाची आतली माहिती दिली नाही, तेव्हा जगभरच्या कार्यकर्त्या प्रोग्रामरांनी कार्ड कसे वागते ते पाहून-पाहून हा ड्रायव्हर लिहिला. २०१० साली तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. तो आपोआप येतो, पडदा दिसतो, पत्र लिहिता येते, चित्रपट पाहता येतो. परंतु आमच्यासारख्या कार्डांना पूर्ण वेग देणे कंपनीच्या सहीच्या आतल्या प्रोग्रामशिवाय होत नाही. म्हणून नूवोवर हे कार्ड रांगतच चालते. ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरला तर कार्डाची गणनशक्ती त्यातून मिळतच नाही.

दुसरा दुभाषी कंपनीचा स्वतःचा. तो फुकट मिळतो, पण कुलूपबंद. आत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, सुधारता येत नाही. 'प्रोप्रायटरी' ड्रायव्हर म्हणतात तो हाच.

या कुलपाविरुद्धची तक्रार जुनी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका प्रिंटरचा प्रोग्राम दुरुस्त करायचा होता. कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी, एवढीच इच्छा. पण प्रोग्राम दाखवायला नकार मिळाला. पुढे १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचे काम जाहीर केले. २०१२ साली खुद्द टोरवाल्ड्स यांनी भर सभेत एनव्हिडियाच्या असहकारावर कठोर टीका केली. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला, पण तो २०१८ च्या 'ट्युरिंग' पिढीपासून पुढच्या कार्डांसाठीच. आमचे कार्ड २०१६ चे, 'पास्कल' पिढीचे. त्याला कुलूपबंद ड्रायव्हरवाचून गत्यंतर नाही.

आमचे काय चुकले?

मुलीने केलेली कल्पना साधी होती. पाच सेकंदांचे चित्र. दगडखाणीत एक बाई बसली आहे, हातोडा वर जातो, खाली येतो, खडी फुटते. सेकंदाला २४ याप्रमाणे १२० चित्रे. प्रोसेसरवर एका चित्राला नऊ मिनिटे लागत होती. म्हणजे एकूण अठरा तास! त्यात वीज गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून तिने व्हिडिओ पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरची फाईल उतरवली आणि स्वतः बसवली.

शनिवारी संध्याकाळी माझा भाचा येरवड्याहून आला. खराडीच्या एका कंपनीत तो संगणकांची देखभाल करतो. आल्याआल्या म्हणाला, "मामा, यंत्र मेलेले नाही. दुभाष्याला दारातच अडवले आहे."

त्याने जे समजावले ते असे. संगणकात 'सिक्युअर बूट' नावाचा पहारा असतो. ज्याच्यावर ओळखीची सही नाही, असा प्रोग्राम गाभ्यात शिरू द्यायचा नाही, हे त्याचे काम. हाताने बसवलेल्या ड्रायव्हरवर सही करायची का, असे मध्ये विचारले होते. मुलीला अर्थ कळला नाही, तिने 'नको' म्हटले. त्या बसवणीने नूवोला घराबाहेर काढले आणि पहाऱ्याने नव्याला आत घेतले नाही. घरात दुभाषीच उरला नाही, म्हणून पडदा काळा.

दुरुस्ती कशी झाली?

भाच्याने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबल्या. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली. तिथे मुलीचे नाव आणि परवलीचा शब्द देऊन त्याने हाताने बसवलेला ड्रायव्हर काढून टाकला आणि संगणक पुन्हा सुरू केला. नूवो परत आला, पडदा उजळला. माझ्या जिवात जीव आला.

मग योग्य वाट सुरू झाली. आमच्याकडे 'लिनक्स मिंट' आहे. वाचकांच्या सोयीसाठी पायऱ्या क्रमाने देतो.

१) प्रथम 'टाइमशिफ्ट' उघडून प्रणालीची प्रत काढून ठेवावी. काही बिघडले तर मागे परतता येते.

२) सर्व अपडेट घ्यावेत व संगणक पुन्हा सुरू करावा.

३) 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडावा. उबुंटू असेल तर 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' पाहावे. तिथे कार्डाचे नाव व त्याला चालणाऱ्या ड्रायव्हरांची यादी येते. 'रेकमेंडेड' लिहिलेला निवडावा. नावाच्या शेवटी 'ओपन' असलेला प्रकार ट्युरिंगपूर्वीच्या कार्डांना चालत नाही, हे ध्यानात ठेवावे.

४) सिक्युअर बूट चालू असेल तर एक परवलीचा शब्द ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवावा.

५) संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कोणतीही कळ दाबावी, 'एनरोल एमओके' निवडावे, 'कंटिन्यू' आणि 'येस' म्हणावे, आणि तोच शब्द टाकावा. पहाऱ्याला नव्या सहीची ओळख पटते ती इथे.

पहिल्या खेपेला आम्ही चहा घेत बसलो आणि तो निळा पडदा निघून गेला! ती पायरी परत करावी लागली. म्हणून या वेळी खुर्ची सोडू नये.

शेवटी भाच्याने 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा चालवून दाखवली. एका चौकटीत कार्डाचे नाव, ड्रायव्हरचा क्रमांक, तापमान आणि चार जीबी स्मृती दिसली. चौकट दिसली की समजावे, दुभाषी कामाला लागला. ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये 'कुडा' निवडल्यावर एका चित्राला दोन मिनिटे लागू लागली. अठरा तासांचे काम चार तासांवर आले.

पुढे प्रणालीचा गाभा अपडेट झाला की ड्रायव्हर त्याच्याशी पुन्हा जुळवावा लागतो. या वाटेने बसवला असेल तर ते आपोआप होते. हाताने बसवलेल्याचे तसे होईलच असे नाही. एखादे वेळी पडदा आलाच नाही, तर सुरुवातीच्या यादीतून आधीचा गाभा निवडून संगणक सुरू करता येतो.

जुने कार्ड घेताना

नाव पाहून फसू नये. 'जीटी ७३०' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या. 'फर्मी' चिपेला ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, 'केपलर' चिपेला ४७० चा. या दोन्ही मालिकांचा आधार संपलेला आहे. आमच्या पास्कल पिढीलाही ५८० ही शेवटची मालिका, त्यापुढच्या चालत नाहीत. दुकानदाराला चिपेची पिढी विचारूनच पैसे मोजावेत.

दुसरे, केवळ अभ्यास, अर्ज भरणे, टायपिंग एवढेच काम असेल तर हा खटाटोप नकोच. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे खुले ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. वेगळे काही बसवावे लागत नाही.

तिसरे, पडद्याची तार कार्डालाच जोडावी. पुष्कळ लोक ती वरच्या, मदरबोर्डाच्या जागेत लावतात आणि कार्ड बिघडले असे समजतात. आणि वाघोलीकरांसाठी खास सांगणे: आपल्याकडे क्रशरची धूळ फार. महिन्या-दोन महिन्यांनी वीज बंद करून डबा उघडावा आणि मऊ ब्रशने कार्डाचा पंखा साफ करावा.

आजीची परीक्षा

रविवारी सकाळी चित्र तयार झाले होते. माझी आई पलंगावरून पाहत होती. वाघोलीच्या खाणीत तिने ऐन उमेदीची वर्षे खडी फोडली. तिचे एक बोट आजही वाकत नाही. नातीने चित्र चालवले. आईने तीनदा पाहिले आणि म्हणाली, "पोरी, हातोडा असा मधी न्हाई धरत. दांड्याच्या शेवटाला धरायचा. न्हाईतर हादरा मनगटात बसतोय."

तिने लाटणे हातात घेऊन करून दाखवले. मुलीने मोबाईलवर त्याचे चित्रण केले आणि पुन्हा कामाला बसली. हाताची हालचाल दुरुस्त करायला दुपार गेली. सगळी १२० चित्रे नव्याने काढायची होती. अठरा तास लागणार असते, तर आजीचा शब्द मनातच ठेवावा लागला असता. चार तास लागणार होते, म्हणून पाळता आला. रात्री अकराला काम पुरे झाले. सोमवारी ते वेळेवर दिले गेले. फीच्या सवलतीचा निर्णय अजून व्हायचा आहे.

मी मुलीची माफी मागितली. तिने यंत्र बिघडवले नव्हते, ती शिकत होती. माझ्या पिढीला शिकताना चुकण्याची मुभा नव्हती, कारण चुकलो तर दुसरी पाटी आणायला पैसे नव्हते. ती भीती आपण मुलांच्या डोक्यावर लादू नये.

ब्लेंडरचीच हकिगत पाहा. ते एका कंपनीचे होते. ती बंद पडली, तेव्हा टॉन रोजेंडाल यांनी २००२ साली लोकांकडून एक लाख युरो वर्गणी जमवली आणि ते सर्वांना खुले केले. त्याच ब्लेंडरवर लाटव्हिया या छोट्या देशातील 'फ्लो' हा चित्रपट तयार झाला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. वर्गणी काढून विहार बांधणाऱ्या, वसतिगृह चालवणाऱ्या आपल्या माणसांना ही रीत परकी वाटू नये.

ज्यांच्या घरी असा काळा पडदा आला असेल, त्यांनी यंत्र भंगारात देऊ नये आणि पोरांना बोलू नये. आधी पहावे, दारात कोणाला अडवले आहे ते.