परदेशी दुकानदारांचे नियम आणि आपली द्राक्षबाग

निर्यातीचीं द्राक्षें पिकविणाऱ्या बागाईतदार बंधूंच्या हातीं हल्लीं एक लांबलचक तक्ता पडतो. औषधें कुलुपांत ठेवावीं, विहिरीचें पाणी तपासून घ्यावें, मजुरांस हात धुण्याची व शौचाची सोय करावी, प्रत्येक फवारणी तारखेसह नोंदवावी, अशीं पुष्कळ कलमें त्यांत असतात. हा तक्ता सरकारी नव्हे. तो परदेशी दुकानदारांचा आहे. दुकानदारानें आपल्या शेतासाठीं नियम कां करावे, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. त्याचा उलगडा येथें करण्याचें योजिलें आहे.

१९९० नंतरच्या दशकांत युरोपांत गुरांच्या मेंदूरोगामुळें अन्नाविषयीं मोठी धास्ती पसरली. पिकांवरील औषधांच्या अंशाबद्दलही गिऱ्हाईक साशंक झालें. तेव्हां तेथील मोठमोठ्या दुकान-कंपन्यांनीं १९९७ सालीं एकत्र येऊन ‘युरेपगॅप’ नांवाच्या एका सामाईक नियमसंग्रहास आरंभ केला. २००७ सालीं त्याचें नांव ‘ग्लोबलगॅप’ असें झालें. या कंपन्यांस कायदा करण्याचा अधिकार नाहीं. परंतु दाखला नसेल तर माल घेणार नाहीं, एवढें म्हणण्याची सत्ता त्यांस आहे, व व्यवहारांत ती कायद्याहून कमी ठरत नाहीं. दाखला एका वर्षापुरता मिळतो. मुख्य कलमें सर्वच्या सर्व पाळावीं लागतात. दुय्यम कलमांपैकीं शेंकडा ९५ पाळलीं तरी चालतें.

लहान खातेदारानें हा खर्च एकट्यानें कसा सोसावा? यासाठीं गटाच्या दाखल्याची सोय आहे. गटानें आपल्या प्रत्येक सभासदाची तपासणी स्वतः करावयाची, व बाहेरच्या तपासनीसानें सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या तरी बागा पाहावयाच्या. म्हणजे शंभर सभासदांत किमान दहा. द्राक्ष-उत्पादकांच्या सहकारी संस्थांनीं १९९१ सालीं उभारलेल्या ‘महाग्रेप्स’नें आपल्या सभासदांस असे दाखले मिळवून दिले, हें पुष्कळांस ठाऊक आहेच. गटांत मात्र शेजाऱ्याची निष्काळजी आपल्याही अंगावर येते, हें ध्यानांत असावें.

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यांत गेली असल्यानें नोंद म्हणजे काय याची त्यास कल्पना आहे. पीकपाहणी बांधावर उभें राहूनही लिहितां येते आणि चावडींत बसूनही. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. हाच दोष कंपन्यांच्या तपासणींतही आहे. बांगला देशांत २०१३ सालीं राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसें दगावलीं. तेथील कपड्याच्या कारखान्यांची खरेदीदारांच्या नियमांप्रमाणें तपासणी झालेली होती; इमारत मात्र तपासनीसाच्या तक्त्यांत नव्हती. त्यानंतर खरेदीदार कंपन्या व कामगार संघ यांच्यांत कायद्यानें बंधनकारक असा करार झाला. तपासणीच्या तक्त्यापेक्षां अशा कराराचें मोल आम्हांस अधिक वाटतें, कारण त्यांत खरेदीदारही बांधला जातो.

आपल्याकडेही तक्त्याबाहेरच्या गोष्टीनें घात केल्याचें उदाहरण आहे. येथें २००६ पासून ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था चालूं झाली. त्यायोगें प्रत्येक प्लॉटची नोंदणी व काढणीपूर्वीं नमुन्याची तपासणी होऊं लागली. तरीही २०१० सालीं युरोपांत आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे बागाईतदारांच्या बोलण्यांतील सीसीसी, सांपडलें व माल अडकला. वेलीची वाढ आवरण्यासाठीं वापरलें जाणारें हें औषध आपल्या तपासणीच्या यादींतच नव्हतें. मर्यादा होती किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोनशें क्विंटल द्राक्षांत अवघा एक ग्रॅम. यादी पाळणाऱ्यासही तोटा सोसावा लागला. पुढें यादींत तें औषध घालण्यांत आलें. शिवाय जर्मनींतील कांहीं दुकान-कंपन्या कायद्यानें दिलेल्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेंत उतरलेला माल दुकानाच्या दारीं नापास होऊं शकतो.

यावरून हे नियम निव्वळ जाच आहेत असें मात्र कोणी समजूं नये. घडांची विरळणी व डिपिंग करणाऱ्या बायांस हातमोजे मिळणें, फवारणाऱ्या गड्यानें तोंडावर नुसता पंचा न बांधणें, रिकाम्या डब्यांतून पाणी न पिणें, हीं कामें आपण त्या तक्त्यावांचूनही करावयास हवीं होतीं. मजुरी, करारपत्र व बालमजूर यांसंबंधीं ‘ग्रास्प’ नांवाची पुरवणी आहे, तिजविषयींही तक्रार करण्यास जागा नाहीं. तक्रार आहे ती खर्चाबद्दल. कोठी, शौचकूप, प्रयोगशाळेची फी, दाखल्याची फी, हें सर्व बहुधा उत्पादकाच्या किंवा त्याच्या गटाच्या माथीं येतें. भाव मात्र बाजाराप्रमाणेंच. सदाचार पाहिजे असेल तर त्याचें मोल खरेदीदारानेंही मोजावें, असें गटानें एकमुखानें म्हटल्यास कांहीं निष्पन्न होईल. एकट्याचें कोण ऐकतो?

तूर्त हातीं असलेला उपाय कागदाचाच आहे. एप्रिल छाटणीपूर्वींच निर्यातदाराकडून त्या हंगामाची औषधांची यादी लेखी घ्यावी, आणि ज्या दुकानासाठीं माल जावयाचा त्याची मर्यादा निराळी असल्यास तीही मागावी. नमुन्याची फी कोणीं द्यावयाची व माल तिकडे नाकारला गेल्यास तोटा कोणाचा, हें सौद्याच्या कागदांत स्पष्ट लिहून घ्यावें. फवारणीची नोंद त्याच दिवशीं सायंकाळीं करावी. हंगामाअखेर एका शाईनें, एका बैठकींत लिहिलेली वही अनुभवी माणूस पहिल्या पानावर ओळखतो. तपासनीसास मूळ वही दाखवावी, हवी तर नक्कल द्यावी, परंतु मूळ वही हातची सोडूं नये.