पाचव्या वर्षीची सुई आणि मुलाचे प्रश्न



पावसाळ्याच्या तोंडावर आपण बैलाला घटसर्पाची लस टोचून घेता. लाळ्या-खुरकुताची लस दिल्यावर गाय एक-दोन दिवस दूध कमी देते, मानेवर गाठ येते. तेवढ्यासाठी आपण लस चुकवत नाही. मग घरातल्या लेकराच्या सुईची वेळ आली की का गडबडून जावे?

पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलाला त्रिगुणी लशीचा दुसरा बूस्टर डोस दंडावर देतात. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांविरुद्ध ती असते. (जनावरांचा घटसर्प निराळा, माणसांचा निराळा, नाव तेवढे एक.) तान्हे मूल नुसते रडते. पाच वर्षांचे मूल विचारते.

माझा मुलगा त्या वयाचा असताना मी त्याला सांगितले, "काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखे वाटेल." रात्री दंड सुजला, अंग तापले. पुढे पुन्हा सुईची वेळ आली, तेव्हा पोर कडब्याच्या गंजीमागे लपून बसले. चूक त्याची नव्हती.

तेव्हा खरे तेच सांगा. "सुई टोचेल, दुखेल. हात एक-दोन दिवस ठणकेल, कदाचित ताप येईल, मग उतरेल." का म्हणून विचारले तर सांगा, "लस अंगातल्या राखणदारांना चोराची ओळख करून देते. त्यांची धावपळ होते, म्हणून अंग तापते." ताप नाही आला तरी लस लागू पडते, हेही सांगा. आणि "दंगा केलास तर सुई देईन" ही धमकी घरातून कायमची काढून टाका.

लशीनंतर केंद्रात अर्धा तास बसवतात, ते उगाच नव्हे. फार क्वचित एखाद्याला लस मानवत नाही. अंगावर गांधी उठतात, धाप लागते. हे बहुधा काही मिनिटांतच होते आणि तिथे औषध हाताशी असते. एसटीची घाई करू नका.

घरी टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका, बाम लावू नका. थंड ओल्या फडक्याची घडी ठेवा. तापाचे औषध नर्सबाई सांगतील तेवढेच द्या. झटके आले, मूल गळून गेले किंवा ताप दोन दिवसांनंतरही राहिला, तर थेट आरोग्य केंद्र गाठा.

जाताना लसीकरणाचे कार्ड न्या. मागच्या डोसाला जास्त त्रास झाला असेल, तर ते सुईच्या आधीच नर्सबाईंना सांगा.